दोन तेरशी

खाडीकाठच्या निसर्ग केंद्रासाठी मी भरतीचं चाक केलं तेव्हा माझी मान जरा ताठच झाली होती. आमच्याकडे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पंधरा तिथी, म्हणून चाकाला पंधरा खाचा. मुलांनी ते फिरवलं की काचेच्या टाकीत पाणी चढायचं, कांदळवनाची मुळं बुडायची आणि बाजूला भरती-ओहोटीच्या वेळा दिसायच्या. रोज सकाळी एक खाच पुढे, झालं.

पहिली शाळा आली त्या दिवशी चाक चौदाव्या खाचेवर, चतुर्दशीवर होतं आणि पूर्ण ओहोटी साडेचारला दाखवत होतं. तेव्हा मुलांना चिखलात उतरवायचं, खेकड्यांची बिळं दाखवायची आणि साडेपाचला वर आणायचं, असं मी ठरवून टाकलं. सगळी तिसरीतली पोरं.

केंद्रात झाडलोट करणाऱ्या मावशी जन्मभर याच खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत आलेल्या. झाडता झाडता त्या चाकापाशी थांबल्या.

"ताय, आज चौदस नाय. ह्या खेपेला दोन तेरशी हायत. काल तेरस, आजपन तेरसच."

मी कॅलेंडर काढलं. त्रयोदशी खरंच दोनदा छापलेली. तिथी कधी वाढते, कधी गळते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. घरात उपास मीच सांभाळते. खाचा पाडताना अक्कल कुठे चरायला गेली होती देव जाणे. पाणी पाऊण तास आधीच, पावणेचारला फिरणार होतं.

मावशींनी पोरांना तीनलाच उतरवलं आणि सव्वाचारला झाडून सगळ्यांना लाकडी पुलावर चढवलं. पोरं कुरकुरली. शिक्षिका माझ्याकडे बघायला लागल्या. पाणी तर पार लांब दिसत होतं, आणि खरं सांगते, मलाही ही घाई उगाचच वाटली.

"पुढं नका बघू," मावशी म्हणाल्या. "पाठी बघा."

पाणी समोरून येतच नव्हतं. पोरं खेळली त्या चिखलाच्या मागे एक चर आहे, त्यातून ते वर सरकत होतं. आवाज नाही, लाट नाही. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. एवढी मोठी खाडी, आणि इतकी गुपचूप येते! याच काठावर वाढले, पण हे कधी डोळे उघडून पाहिलं नव्हतं.

साडेपाचला मावशींनी चरात काठी उभी घातली. ती माझ्या कमरेच्याही वर भिजली.

पोरांना परत आणायची मी ठरवलेली वाट त्याच चरातून जात होती.