रस्त्याकडची हिरवी पट्टी

धाकट्याला शेतापेक्षा शेताकडे बघणाऱ्यांची काळजी फार. या हंगामात थोरल्यानं सगळं सोयाबीन त्याच्या हाती दिलं होतं. "माझ्याएवढं पीक काढून दाखव. मग शेत तू बघ, मी तोंड घालणार नाही." थोरला शाळेत फार टिकला नाही, पण त्याच्याएवढं सोयाबीन आसपास कुणी काढलेलं नव्हतं. उगाच नाही सांगत.

मध्येच पानांना भोकं दिसायला लागली. अळ्यांनी थोडीफार पानं खाल्ली म्हणून पीक काही मरत नाही. पण रस्त्यावरून दूधवाला ओरडला, "काय हो, यंदा चाळण्या पेरल्यात का?" झालं! धाकट्याला मिरच्या झोंबल्या, तडक औषधाच्या दुकानात. दुकानदार टपूनच बसलेला. "साहेब, तुम्ही भारीतलंच मारा." साहेब म्हटल्यावर हा लोण्यासारखा विरघळला.

भारी बाटल्या अख्ख्या शेताला कुठून पुरणार? मग फवारलं फक्त रस्त्याकडच्या पट्टीत. एकदा फवारलं, परत फवारलं. पट्टी नवरदेवासारखी सजली, दूधवाल्याचं तोंड बंद झालं, आणि हा शहाणा टपरीवर सगळ्यांना चहा पाजत सुटला.

मागच्या बाजूला झाडांचे शेंडे माना टाकत होते. बायको म्हणाली, "अहो, तिकडं जरा बघून तरी या."

"ऊन लागलं असेल."

ऊन म्हणे! ऊन काय मागच्याच बाजूला पडतं?

कापणीला विळा लावायच्या आधीच मागची झाडं मोडून आडवी झाली. शेंगा मातीत. थोरल्यानं एक झाड उचललं, देठावरच्या दोन गोल चिरा दाखवल्या, खोड नखानं उभं फाडलं. आत पिवळी अळी, जावयासारखी निवांत.

"चक्रीभुंग्याची अळी, खोड आतून पोखरते. शेंडा सुकला तेव्हाच मोडून जाळायचा होता. फुकटचं काम! पण ते रस्त्यावरून दिसत नाही ना."

मळणी झाली. बाटल्यांचा पैसा गेला तो गेलाच, वर मागची निम्मी पोती मातीत.

"दादा, आता?"

"आता काय? शेत माझ्याकडे. पुढच्या वर्षी मागच्या बांधावरून आत शिरायला शीक, मग बघू."

धाकटा मागच्या कोपऱ्यात मातीतल्या शेंगा वेचत बसला. रस्त्यावरून दूधवाल्यानं हाक मारली, "पट्टी झकास होती हो!"

यानं पहिल्यांदाच मान वर केली नाही.