चरबीच्या डब्याचा तळ

निवृत्त झालेल्या माणसानं सुखानं कापी पीत बसावं की नाही? पण आमच्या ह्यांना, त्रिविक्रम सरांना, कुठलं सुख मानवतंय! कुंभकोणमच्या शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आणि मुलीनं, सहानानं, चेन्नईत कुत्रा पाळल्याबरोबर ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणे, कुत्र्यांची बिस्किटं करायची!

पहिली खेप आमच्यासारखीच शुद्ध शाकाहारी, शेंगदाण्याच्या तेलातली. गल्लीतल्या कुत्र्यांनी हुंगलीसुद्धा नाही. मग पापनाशम्‌हून कोंबडीची चरबी येऊ लागली. अय्यो! माध्व ब्राह्मणांचं घर आमचं, कांदा-लसूणही आत येत नाही, आणि परसात चरबी! मी बजावलं, शेड विहिरीपलीकडे घालायची आणि आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. हे निमूट कबूल झाले.

बिस्किटं तंजावरच्या शंकरनारायणच्या दुकानात जायची. गिऱ्हाईक तेवढं एकच. त्यानं दोनदा माल परत पाठवला. महिनाभरात खवट होतो, कुत्री तोंड फिरवतात म्हणाला. तिसऱ्यांदा असं झालं तर पुन्हा पाठवू नका, हेही फोनवर सांगून टाकलं. म्हणजे शेडला कुलूपच. त्या रात्री हे जेवले नाहीत. मला धंद्याचं काडीचं प्रेम नव्हतं, पण त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना.

ह्यांनी सगळं शास्त्र पणाला लावलं. चरबी ताजी असतानाच तिच्यात खवटपणा रोखणारं व्हिटॅमिन ई घातलं, डबा अंधारात ठेवला, झाकण घट्ट लावलं. तरी ती खवट व्हायचीच. मग कधी व्हिटॅमिन विकणाऱ्यावर चिडायचे, कधी कोंबडीवर.

शेवटी तिसऱ्यांदा माल करायच्या दिवशी मीच पदर खोचून शेडमध्ये गेले. हे नाकावर उपरणं बांधून, शेजारी धूप जाळून उभे! आता वास कुणाला येणार, कपाळ? मी डब्याचं झाकण काढलं आणि नाक आत घातलं. तुपाचं, खोबरेलाचं काय बिघडलंय ते दारातून ओळखणारं नाक आहे माझं. तळाशी चार बोटं जुनी पिवळी चरबी होती, आणि हे तिच्यावरच ताजी ओतायला निघालेले.

"अहो, हे काय? खवट चरबीचं विरजण लावताय?"

"तूच सांगतेस ना," हे उपरण्यातून म्हणाले, "डबा तळापर्यंत रिकामा करू नये, लक्ष्मी जाते. म्हणून दर वेळी थोडी ठेवतो."

मी डोक्यालाच हात लावला. तांदळाच्या, तुपाच्या डब्याला सांगितलेलं हे! जन्मभर माझं एक अक्षर ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं कोंबडीच्या चरबीला लावलं!

तळातली घाण टाकायला लावली. डबा सोड्याच्या कढत पाण्यानं घासून उन्हात खडखडीत वाळवला, मग ताजी चरबी ओतली.

"आणि लक्ष्मी?" ह्यांनी हळूच विचारलं.

"तिची समजूत मी काढते. तुम्ही ओता."

महिन्यानं शंकरनारायणचा फोन आला. "सर, काय जादू केलीत? कुत्र्यानं रिकामं पाकीटसुद्धा चाटलं! दुप्पट माल पाठवा." मी दारात उभी होते. आता अर्धा तास रसायनशास्त्र चालणार, असं धरून चालले होते.

"जादू नाही हो," हे तमिळमध्ये म्हणाले, "चूक माझी होती. बायकोनं पकडली."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. डब्यात तळ राखायला शिकवलं कुणी, हे आम्हा दोघांनाच ठाऊक. खरं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. पण इतकं गोड वाक्य ह्यांच्या तोंडून पुन्हा कधी निघणार? मी बेशरमासारखी गप्प राहिले, आणि फोन ठेवल्यावर म्हटलं, "काय म्हणालात? ऐकू नाही आलं, परत सांगा."