रनिंग कशाकरता?

तळोद्याच्या बसस्थानकासमोर बायोडाटा टाइप करून देणारा तो माणूस 'छंद' या शब्दापाशी आला की हात थांबवतो आणि गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेतो. वाचन म्हणणाऱ्याला शेवटचं पुस्तक विचारतो. उत्तर आलं नाही, तर तो छंद टाइप करत नाही.

मी कामाला होतो ती कापसाची जिनिंग मिल बंद पडल्यावर एक्कावन्नाव्या वर्षी मी त्याच्यासमोर बसलो. एका गोदामात स्टोअरकीपरची जागा होती. वयाला काही आधार हवा, म्हणून मी सांगितलं, "छंदमा रनिंग लिखा."

"कितला किलोमीटर?"

"रोज पाच. चाळीस मिनिटं."

"कवयपासून?"

"दोन वरीस."

"त्याना पहिले नही? मंग एकदम कसाकरता?"

मी दाराकडे पाहिलं. अडीच वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसला. डॉक्टरांनी आधी चालायला लावलं, मग हळूहळू धावायला. हे कळलं तर गोदामवाले मला घेणार नाहीत. दाराबाहेरच्या बाकावर चार जण ऐकत होते.

त्याने माझ्याकडे पाहिलं, उठून काचेचं दार लावलं आणि हळूच म्हणाला, "मी काही इचारं नही, भाऊ. पन तठे इचारतीन. ठेवू का काढू?"

"ठेवा," मी म्हणालो. ती ओळ काढली, तर कागदावर माझं वयच तेवढं ठळक दिसतं.

मुलाखत सोमवारी आहे. रोज आरशासमोर उत्तराचा सराव करतो. किलोमीटर बरोबर सांगतो, मिनिटं बरोबर सांगतो, आणि 'कशाकरता' आलं की माझा हात आपोआप छातीवर जातो.