उष्टा सिनेमा

डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतल्या तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, जगातला एकही सिनेमा अजून संपलेला नाही. कुठल्याशा थंडगार थिएटरात बसून तुम्ही एखाद्याचा शेवट पाहिला असेल, तर तो तुमचा गैरसमज आहे. आमच्याकडे सिनेमा माझे साडू दाखवतात, आणि साडूंच्या सिनेमाला सुरुवात असते, मध्य असतो, मग पुन्हा सुरुवात असते. शेवट नसतो. या बाबतीत त्यांची बरोबरी फक्त हायवेवरची 'काम चालू आहे' ही पाटी करू शकेल.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कैनाडला त्यांचं चिकूचं गोदाम आहे. रविवारी दुपारी त्याचं थिएटर होतं. खिडक्यांना पोती ठोकली, समोरची भिंत चुन्यानं पांढरी केली, फळांचे क्रेट पालथे घातले, की झाल्या खुर्च्या. एका क्रेटवर दुसरा ठेवला की बाल्कनी. खेळ दुपारी असतो, कारण डोंगराकडच्या पाड्यांवरची माणसं सहाची शेवटची जीप पकडून घरी जातात. साडूंचं सगळं काम कायदेशीर. मुंबईच्या एका कचेरीकडून ते दर सिनेमाला एका खेळाची परवानगी घेतात. सिनेमा येतो एका काळ्या चपट्या डबीतून, तिला कुलूप असतं, आणि कुलूप उघडायचा आकडा खेळाच्या दिवशी फोनवर येतो. परवानगीचं पत्र साडू खेळाआधी उभं राहून मोठ्यानं वाचतात, अटींसकट. पहिल्या वेळी दोन म्हाताऱ्यांनी ते ऐकताना हात जोडले होते. प्रसाद मिळेल म्हणून त्या जीप येईपर्यंत थांबल्याही होत्या.

इथवर सगळं ठीक. घोटाळा दारात आहे. गोदामाचं दार पश्चिमेला. उशिरा आलेल्या माणसानं ते ढकललं की ऊन थेट भिंतीवर पडतं आणि नायक, नायिका, खलनायक सगळे एकदम पुसून जातात. साडू ताबडतोब सिनेमा थांबवतात, "आवो, आवो, बेसो" म्हणत त्या माणसाला क्रेट देतात, आणि सिनेमा पहिल्यापासून लावतात. पहिल्यापासून म्हणजे अगदी आभाराच्या पाट्यांपासून. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो साडू, आम्ही तासभर बसलोय, आमचं काय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवणावळीत पाहुण्याच्या पुढचं ताट ओढलं. "घरी पाहुणा आला तर त्याला उष्टं वाढाल का तुम्ही?" ते म्हणाले. "अर्धा सिनेमा म्हणजे उष्टा सिनेमा."

माणसं येतात आपल्या सोयीनं. कुणी भाताची पेंढी रचून येतो, कुणी चारोटीच्या बाजाराहून. सहाला जीप हॉर्न वाजवते, आणि साडू हात जोडून सांगतात, "बाकीचा आपापल्या मनानं पुरा करावा." लोक करतात. होडीवाल्या नायकाचा एक सिनेमा साडूंनी कैनाडलाही लावला आणि, वेगळी परवानगी काढून, समुद्रकाठच्या चिखल्यालाही. चिखल्यात नायक वादळातून सुखरूप परत येतो आणि त्याला भरपूर पापलेट मिळतं. कैनाडमध्ये तो समुद्राचा नाद सोडतो आणि चिकूची वाडी घेतो. पुढे चिखल्याची एक मुलगी कैनाडला दिली. संसार छान चाललाय, पण त्या होडीचा विषय निघाला की ती माहेरी जाते.

एवढा आडमुठेपणा माणसात येतो कुठून, हे मी एकदा मेहुणीला विचारलं. ती चहात आलं किसत होती. म्हणाली, "लहानपणी यांना सासरे सिनेमा दाखवायला डहाणूला घेऊन गेले. एसटी उशिरा आली. पूर्ण तिकिटं काढून आत गेले तर अर्धा होऊन गेलेला. कुणी पुसलं पण नाही. परत येताना सासऱ्यांनी सगळ्या वाटेनं यांना पहिला अर्धा भाग सांगितला. मनानं रचून." मग किसणी झटकत म्हणाली, "मोठं झाल्यावर यांनी तो सिनेमा पूर्ण बघितला. म्हणतात, बापानं सांगितलेलाच चांगला होता."

तर असे आमचे साडू. आणि अशा माणसामागे मुंबईची कचेरी लागली. त्या डबीत म्हणे सिनेमा किती वेळा सुरू झाला याची नोंद होते. परवानगी एका खेळाची, आणि नोंद अकरा वेळांची! फोन आला की येत्या रविवारी आमचे साहेब स्वतः तपासायला येतील. गैरप्रकार आढळला तर परवानगी कायमची बंद. साडूंनी फोन ठेवला. गोदामात जाऊन ती चुन्याची भिंत, जिला काही झालेलं नव्हतं, ती पुन्हा रंगवत बसले.

मेहुणी मात्र कामाला लागली. घरोघर जाऊन तिनं सांगितलं, "दोनच्या आत यायचं, नाहीतर यायचंच नाही." साडूंना देवासमोर उभं करून शपथ घातली की या खेपेला सिनेमा थांबवायचा नाही. रविवारी दोनला गोदाम गच्च भरलं. मेहुणी बाहेर दाराशी राखणीला बसली. चाळीस मिनिटं सिनेमा सरळ पुढे गेला. लोक अस्वस्थ व्हायला लागले. माझ्या शेजारचा एक शेतकरी साडूंकडे बघत कुजबुजला, "भाऊंची तब्येत बरी नाही का?"

आणि दार उघडलं. भिंत पांढरीफटक. उन्हात साहेब उभे, खांद्याला बॅग, घामाघूम. चारोटीला उतरून त्यांना तासभर रिक्षाच मिळाली नव्हती. तपासायलाच आलेल्या माणसाला मेहुणी तरी कशी अडवणार? मी साडूंकडे पाहून दोन्ही हातांनी नको नको केलं. साडूंनी सिनेमा थांबवला.

"आवो, आवो, बेसो."

"थांबवलंत का?" साहेब म्हणाले.

"तुम्ही आलात ना."

"मी बघायला नाही, तपासायला आलोय!"

"मग अर्धवट कसं तपासणार, साहेब?"

साहेबांनी पत्र काढलं. "एका खेळाची परवानगी आहे. एका!"

"एकच चाललाय," साडू अत्यंत नम्रपणे म्हणाले. "अजून संपला कुठे?"

मागून कुणीतरी ओरडलं, "खरंय साहेब! देवाशपथ, आम्ही शेवट बघितलेलाच नाही!" सगळ्या गोदामानं माना हलवल्या. साहेब बोट रोखून म्हणाले, "आता एकदा लावा पहिल्यापासून. यानंतर एकदा जरी मागे नेलात, तर परवानगी इथल्या इथे रद्द."

सिनेमा पहिल्यापासून सुरू झाला. साहेब आधी घड्याळ बघत होते. मग बॅग खाली ठेवली. मग कुणीतरी दिलेल्या शेंगा सोलायला लागले. मध्येच मला हळूच म्हणाले, "आम्ही कचेरीत फक्त दहा मिनिटं लावून बघतो, चित्र नीट, आवाज नीट. पुढचं बघायला वेळ कुठे असतो?" भिंतीवर एक बाई नवऱ्याची वाट बघत होती आणि साहेब शेंग तोंडाशी नेऊन तशीच धरून बसले होते. पाच वाजून गेले. गोदामाच्या इतिहासात प्रथमच एक सिनेमा शेवटाच्या इतका जवळ आला होता.

तेवढ्यात भिंत पांढरी झाली.

दारात एक म्हातारी होती, डोंगराकडच्या पाड्यावरची. चपला हातात, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. मागे मेहुणी कपाळाला हात लावून उभी. तिलाही या बाईला परत पाठवणं जमलं नव्हतं. साऱ्या गोदामानं साडूंकडे पाहिलं. साडूंचं बोट बटणावर गेलं आणि तिथून मागे आलं. पहिल्यांदाच. त्यांनी मान खाली घातली. इतका लहान झालेला हा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

"झाला का संपून?" म्हातारीनं विचारलं. "असू दे, असू दे. ऱ्हायला तेवढा बघते." आणि ती दाराशीच जमिनीवर बसायला लागली.

गोदामात कुणी हललं नाही. फक्त मुंबईचे साहेब क्रेटवरून ताडकन उठले, मांडीवरच्या शेंगा चहूकडे उधळल्या, आणि ते साडूंवर खेकसले,

"अहो, बघताय काय नुसते? आजी आल्या ना! पहिल्यापासून लावा!"