मेघाने न घेतलेले पैसे

मेघा क्रिप्टोत पैसे लावते हे समुद्रपूरजवळच्या तिच्या गावात कळलं, तेव्हा निम्म्या गावानं तिला वाया गेलेली ठरवलं आणि उरलेल्या निम्म्यानं तिच्याकडे टिपा मागितल्या. दोघांनाही तिनं काही सांगितलं नाही. सावंगीच्या दवाखान्यात ती एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना 'श्वास रोखा, हलू नका' सांगणाऱ्या बाईला थोडंफार गप्प राहता येणारच.

तिची पद्धत ऐकली तर जुगारी माणसाला जांभई येईल. पगारातला जो तुकडा बुडाला तरी घरात कुणाला जाणवणार नाही, तेवढाच ती लावते. बिटकॉइन घेतलं की लगेच, समोरचा चहा तसाच ठेवून, खाली कुठल्या भावाला विकून मोकळं व्हायचं ते ती ॲपमध्ये टाकून ठेवते. याला म्हणतात स्टॉप लॉस. भाव तिथवर उतरला की विक्री आपोआप होते, मग आपलं मन काहीही म्हणो.

"घेतल्यावर माणसाची अक्कल अर्धी होते," असं तिचं म्हणणं. "म्हणून बाहेर निंगाचा दरवाजा आधीच पाहून ठेवाचा."

नफा काढायची रीत मात्र ती कुठल्या व्हिडिओत शिकली नाही, ती घरच्या शेतातली. कापूस काही एका दिवशी फुटत नाही. जेवढी बोंडं फुटली तेवढी वेचायची, मग थांबून दुसरा वेचा, मग तिसरा. अख्खं शेत पांढरंशुभ्र होऊ दे म्हणून बसणाऱ्याचा कापूस अवकाळीत भिजतो. मेघाही भाव चढला की थोडं विकते, आणखी चढला की आणखी थोडं, आणि नफ्यातले तीस टक्के करापोटी बाजूला काढते. यात मर्दुमकी कसलीच नाही, पण महिनोन् महिने असं वागून दाखवायला जिगर लागते.

तिचा धाकटा भाऊ राकेश याला ही सारी भेकडपणाची लक्षणं वाटायची. बसस्टँडसमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तो खेळायचा तो उधारीवर: आपले शंभर, ॲपचे नऊशे. भाव दहा टक्के चढला की पैसे दुप्पट आणि तेवढाच उतरला की खिसा साफ. उतरण्याचा भाग तो सांगताना गाळायचा.

गेल्या उन्हाळ्यात भाव जोरात होता. त्यांचे वडील बापूराव यांनी घरावरचे टिन काढून स्लॅब टाकायला कापसाचे पैसे साठवले होते. एका रविवारी ती सावंगीहून घरी आली, तेव्हा त्यांनी राकेशच्या देखत मेघाला जवळ बसवलं.

"स्लॅबचे पैसे आहेत. घे. दिवाळीलोक डबल करून देजो."

"नाई बाबा."

"काऊन? हा मांगून राह्यला, त्याले नाई देल्ले. तुह्यावर भरोसा आहे म्हणून तुले देऊन राह्यलो."

"भरोसा आहे म्हणूनच नाई म्हणते. जे पैसे वापस याचेच आहेत, ते तिथं लावाचे नसतात. माह्ये गेले तर पैसे गेले. हे गेले तर छप्पर गेलं."

बापूरावांनी आयुष्यात फारसं कुणापुढे हात पसरलेले नव्हते. पोराच्या तोंडावर पोरीला मोठेपण द्यावं आणि तिनं ते परत करावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी मेघाशी बोलणं टाकलं. भाव मात्र चढतच गेला. मग आईचा, तानाबाईंचा, फोन यायचा. "तुह्ये बाबा हिशोब करून राह्यले बाई, आजलोक किती झाले असते त्याचा."

मेघाला हे फार लागलं. एकदा तर तिनं 'आणा पैसे' म्हणायला फोन उचललाही. बापाचा आवाज ऐकायला ती तरसली होती. पण बाप बोलत नाही म्हणून सौदा करायचा, तर मग राकेशमध्ये आणि आपल्यात फरक काय? तिनं फोन खाली ठेवला. शेअर-क्रिप्टोचं शहाणपण सांगणारे पैशाला पासरी आहेत. ही गोष्ट त्यांच्यातल्या किती जणांना जमली असती, देव जाणे.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ती उठली तर रात्रीतून बाजार कोसळलेला. तिचा सौदा आपोआप कापला गेला होता, तोही टाकलेल्या भावाच्या जरा खालीच. नुकसान झालं. तिनं ते पाहिलं, अंघोळ केली आणि ड्युटीवर गेली.

दुपारी दवाखान्याच्या बाकावर बापूराव आणि राकेश बसलेले दिसले. राकेशचा चेहरा पाहूनच तिला कळलं. पोळ्याच्या सुमारास बापूरावांनी रागाच्या भरात स्लॅबचे अर्धे पैसे राकेशला दिले होते. अर्धेच दिले, कारण मेघाचा नकार आतून कुठेतरी टोचत होता. ते अर्धे एका रात्रीत गेले होते.

"ताई, आता भाव पडला आहे," राकेश घाईनं म्हणाला. "उरलेले लावले तर सगळे भरून निंगते. बाबा म्हणते, आधी तुले विचारू."

तिला सुनवायला पुष्कळ होतं. तिनं एवढंच विचारलं, "अजून पडला तर कुठं थांबशीन?"

"नाई पडणार."

"पडला तर?"

"मले थांबाचं नाई, ताई. मले भरून काढाचं आहे."

बापूराव पोराकडे बघत राहिले. मग नकारार्थी मान हलवून म्हणाले, "उरलेले बँकेतच राहू दे." राकेश तोंड फिरवून चहा आणायला गेला.

तो गेल्यावर बापूरावांनी विचारलं, "तुह्येबी गेले काय?"

"गेले. थोडे."

"मंग रडली नाई?"

"रडली ना बाबा. पैशासाठी नाई. तुमी बोलत नव्हते म्हणून."

बापूरावांनी तिला बाकावर जवळ बसवलं. तिचा हात धरून ते बसून राहिले. पुढचा पेशंट एक्स-रेला थांबला होता, तरी मेघानं हात सोडवून घेतला नाही.

यंदा उन्हाळ्यात दोन खोल्यांवर स्लॅब पडला. बाकीच्या घरावर टिनच आहेत. राकेश अजून व्हिडिओ पाहतो, पण ॲप उघडण्याआधी बहिणीला फोन करतो. आणि बापूराव आल्यागेल्याला हात धरून घर दाखवतात. आधी टिनाखाली नेतात.

"हे मी हो म्हटलं त्याचं," म्हणतात. मग स्लॅबखाली येऊन वर बघतात. "अन् हे माह्या पोरीनं नाई म्हटलं त्याचं."