आत्याचा अंगठा

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आत्याला तर — तिला कुठल्या तोंडाने सांगू?

आत्या श्रीवर्धनला एकटी राहते. शाळेची सगळी वर्षं मी तिच्याकडेच काढली. वेणी इतकी घट्ट घालायची की डोकं दुखायचं, लाडही तसेच. आता मी पनवेलला नोकरी करते आणि दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. पण आधी ती बोलत नाही. डावा अंगठा कॅमेऱ्यापुढे धरते — सुपारी सोलताना कापलेला, वाकड्या नखाचा. मग माझं लहानपणचं एखादं गुपित काढते. हल्ली कॉम्प्युटरवर खोटे चेहरे बनवतात ना, म्हणून. शेवटी विचारते, "पटली गं ओळख, बायो?" मी पटली म्हटलं की खुदकन हसते.

ही सवय तिला लागली कशी? — तेच तर सांगायचंय.

दोन वर्षांपूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अलिबागला ठरलं. ये म्हणाली होती. मी म्हटलं, सुट्टी नाही. सुट्टी होती — मैत्रिणींबरोबर किहीमला जायचं होतं. ती एकटीच दवाखान्यात गेली. घरचं माणूस सोबत हवं, असं दवाखान्यात म्हणाले, तेव्हा तिने तिथूनच व्हिडिओ कॉल केला. मी जेमतेम अर्ध्या तासावर, किहीमच्या किनाऱ्यावर, हातात शहाळं. चुकून उचलला. "बायो, येतेस का गं?" — एवढंच म्हणाली. माझ्या मागचे माड दिसले असते. मी कॅमेऱ्यावर बोट ठेवलं आणि कॉल कापला.

संध्याकाळी फोन करून सांगितलं, अगं, मला वाटलं कोणीतरी तुझा खोटा व्हिडिओ बनवून फसवतंय. तिला लगेच पटलं. वर माझंच कौतुक — पोर सावध आहे माझी. ऑपरेशन महिनाभर पुढे गेलं होतं, ती तशीच एसटीने परतली होती. त्याबद्दल एक अक्षर नाही. चूक आपलीच, ओळख आधी पटवायला हवी होती, असं तिने ठरवून टाकलं. आणि मी? मी तिला तसं ठरवू दिलं. दोन वर्षं.

डोळा आता छान आहे. या रविवारी म्हणाली, गुपितं संपत आली गं, पुढच्या खेपेला काय सांगू? अंगठा समोर होताच. मी म्हटलं, पटली.

त्या दिवशीही पटली होती — पहिल्याच 'बायो'ला.