नमुन्याचं कापड

सोलापूरच्या एका गिरणीत पाडव्याच्या आधी नमुन्याच्या कापडाचा सेल लागतो, हे मला आमच्या शाळेतल्या एका बाईंकडून कळलं. त्या मूळच्या सोलापूरच्या. परंड्यात बदलून आल्या तेव्हा त्यांच्या अंगावरची पातळं बघून आम्ही बाकीच्या शिक्षिका गप्पच व्हायचो. आमच्या बाजारातला दुकानदार एकाच नक्षीचा गठ्ठा आणायचा, आणि मग दिवाळीपासून निम्म्या गावाच्या अंगावर तीच फुलं. या बाईंचं मात्र कुठलंही पातळ दुसऱ्या कुणाकडं दिसायचं नाही. एकदा धीर करून विचारलं, तर हसून म्हणाल्या, "अहो, हे दुसरं विणलंच नाही."

मग त्यांनी नीट सांगितलं. गिरणीत नक्ष्या काढणारे लोक असतात. ते दरवर्षी नव्या नक्ष्या काढतात, प्रत्येकीचं एखाद्या पातळापुरतं किंवा सदऱ्यापुरतं कापड विणून व्यापाऱ्यांना दाखवतात. व्यापारी ज्याला हो म्हणतील ते कापड मागावर चढतं. नापसंत झालेले नमुने वर्षभर पडून राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गिरणी ते सगळे स्वस्तात काढून टाकते. कोपऱ्यात जांभळ्या शाईचा 'नमुना' असा शिक्का असतो. तो धुऊन जात नाही. पण निऱ्यांत जातो, कुणाला दिसतोय?

त्या दिवसापासून मला चैन पडेना. नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं. वर्गात फळ्यावर लिहीत असतानाही मन कुठंतरी स्टँडवर जाऊन उभं राहायचं. जगात एकच असलेलं कापड आपल्या अंगावर असावं, याची मला तेव्हा भूकच लागली होती म्हणा ना. आणि तशी भूक माझ्या बहिणीलाही लागावी असं वाटायचं.

माझी बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, हैदराबादला सरकारी कचेरीत कारकून होते. लग्नानंतर ती दीड-दोन वर्षं तिकडं राहिली. पाचवारी नेसायला तिथंच शिकली, आणि दमून आली की "या अल्ला" म्हणायलाही. मग राज्यांची वाटणी झाली. आमचा जिल्हा मुंबईकडं आला, हैदराबाद आंध्रात गेलं. कचेरीतल्या लोकांना विचारलं, कुठं जायचं? दाजी म्हणाले, मी औरंगाबादेकडं बदली करून घेतो, तू सामान घेऊन पुढं हो. ती पुढं आली. ते मागून आलेच नाहीत.

भांडण नाही, तंटा नाही. सुरुवातीला पत्रं यायची, मग सणासुदीला, मग तीही थांबली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, एकदा जाऊन आले. दाजींनी त्यांना जेवू घातलं, स्टेशनपर्यंत पोचवलं आणि "पुढच्या महिन्यात येतो" म्हणून सांगितलं. तो महिना काही उजाडला नाही. अण्णा पुन्हा गेले नाहीत.

आक्का माझी जुनी पातळं नेसायची. विरलेला भाग आत घालायची, पदर उलटा करून शिवायची. आई काही बोलली की म्हणायची, "ते आले की घेईन नवं." ती शांत असायची आणि तिच्या शांतपणानंच माझा जीव वरखाली व्हायचा. मी ठरवलं, माझ्या पगारातून तिला एक पातळ घ्यायचं. तिनं स्वतः निवडलेलं.

शिमगा झाला, ज्वारी खळ्यावर आली आणि एका रविवारी आम्ही दोघी निघालो. परंड्याहून कुर्डुवाडीची मोटार, तिथून रेल्वे. मोटारीत मी सारखी खिडकीबाहेर वाकून बघत होते. "अगं बस की नीट," आक्का म्हणाली, "गिरणी काय पळून चाललीय?" मला वाटत होतं, पळूनच चाललीय.

गोदामाच्या दारात आधीच बायांची ही झुंबड. मोठ्या घरच्या, मास्तरणी, गिरणीतल्या कामगारांच्या बायका, कडेवर पोरं घेतलेल्या. दार उघडलं तशी मागून लाट आली आणि आम्ही आत फेकल्या गेलो. लांबच लांब फळ्या टाकलेल्या आणि त्यांवर कापडांचे ढीग. खळीचा वास, ओरडा, घाम. एकीनं एक टोक धरलं की दुसरी दुसरं धरायची. असली कापडं मी तोवर पाहिली नव्हती. राखाडीवर मोहरीएवढी पिवळी पानं. हिरव्या अंगात एकच तांबडी रेघ, तीही तिरकी. हे बघू की ते, असं करत मी फळीवरून फळीवर धावत होते. हातातलं टाकायचे, पुढचं उचलायचे आणि टाकलेलं दुसरीनं उचललं की तेच हवं होतं असं वाटायचं.

शेवटी ते पिवळ्या पानांचं पातळ मी काखेत घट्ट धरलं आणि आक्काला दाखवायला वळले, तर आक्का नाही.

मी हाका मारल्या. त्या गोंगाटात माझा आवाज मलाच येईना. दारापाशी बघितलं, बाहेर नळापाशी बघितलं. गोदामाच्या पार टोकाला पुरुषांच्या कापडाची एकच फळी होती, तिथं गर्दी कमी. आक्का तिथं उभी होती. हातात सदऱ्याचं कापड. फिक्या राखी रंगावर बारीक डाळिंबी रेघ, आणि दर चौथी रेघ तुटक तुटक, जणू विणणाऱ्यानं मध्येच श्वास घेतला असावा.

"हे काय?" मी म्हटलं.

"सदऱ्याचं आहे. चांगलं आहे की नाही?"

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे काय?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेडं विचारलंय.

माझा तोल गेला. मी फळीवर हात आपटून म्हटलं, "आक्का, मी तुझ्यासाठी आणलंय तुला इथं! त्या माणसासाठी न्हाय. तुझ्यासाठी घे!"

"मला हेच पायजे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "घेणार असशील तर हे घे, न्हायतर चल."

या भांडणात पिवळ्या पानांचं पातळ मी कधी फळीवर ठेवलं, कळलंच नाही. वळून बघते तर एक बाई ते घेऊन गल्ल्याकडं चाललीसुद्धा. आम्ही सदऱ्याचं कापड घेतलं आणि बाहेर पडलो. परतीच्या गाडीत ती कापडाची पुडी मांडीवर घेऊन बाहेर बघत होती, आणि मी जागा बदलत होते, उठत होते, बसत होते.

आमच्या शेजारी एक खाला, म्हणजे मुसलमान मावशी, राहायच्या. त्यांच्याकडं शिवणाचं यंत्र होतं आणि आक्का दुपारी त्यांच्याकडंच असायची. तिथं तिनं तो सदरा बेतला. माप कुठून आणणार? तिनं वितीनं मोजलं. खांदा एवढा, छाती एवढी. डोळे अर्धवट मिटून ती हवेत हात धरायची आणि मग तेवढंच अंतर कापडावर ठेवायची. मला ते बघवायचं नाही.

खाला म्हणाल्या, "बेटी, आत थोडं कापड दाबून ठेव. माणूस वाढतो, घटतो."

"त्यांचं माप मला पाठ आहे, खाला."

खाला सुई दाराच्या उजेडाकडं धरून दोरा ओवत राहिल्या.

सदरा तयार झाला. मला वाटलं टपालानं पाठवील. तिनं जेवताना अण्णांना सांगितलं, "मी हैदराबादला जाऊन येते."

अण्णांचा घास हातातच राहिला. "तिथं जाऊन काय विचारणार तू? मी विचारून आलोय."

"विचारायला न्हाय जात, अण्णा. सदरा द्यायला जाते."

आईनं डोळ्याला पदर लावला. अण्णांनी घास ताटात ठेवला आणि मला म्हणाले, "शाळेला सुट्टी लागली की तू जा तिच्यासंगं."

मेच्या उन्हात आम्ही हैदराबादला उतरलो. रस्ताभर मी मनात एका बाईशी भांडत होते. मला खात्रीच होती की तिथं कुणीतरी असणार. तिला काय बोलायचं, दाजींना काय बोलायचं, सगळं मी जुळवून ठेवलं होतं. आक्काला गल्ली आठवत होती. ती पुढं, मी मागं.

दार दाजींनीच उघडलं. लुंगी, बनियन, बरंच सुटलेलं अंग. क्षणभर त्यांनी ओळखलं नाही, मग घाईघाईनं खाटेवरचे कपडे उचलले. "या, या. अशा अचानक? कळवायचं तरी."

मी खोलीभर नजर फिरवली. दोरीवर एकच पंचा. एकच ताट, एकच तांब्या. कोपऱ्यात रॉकेलची बत्ती. बांगडी नाही, कंगवा नाही, पोराचं खेळणं नाही. मी मोरीपर्यंत जाऊन आले. तिथं कुणी नव्हतं. कधी असल्याची खूणही नव्हती. मी रचून ठेवलेलं सगळं भांडण वायाच गेलं.

दाजींनी खालून चहा मागवला. परंड्याला पाऊसपाणी कसं, अण्णांची तब्येत कशी, माझी नोकरी कुठं, सगळं आपुलकीनं विचारलं. कचेरीतल्या गमती सांगितल्या. आक्का कधी येणार, किंवा ते कधी येणार, याबद्दल एक शब्द नाही. ते लपवत होते असं नाही. त्यांना ते आठवतच नव्हतं.

आक्कानं पिशवीतून सदरा काढला. "घालून बघा."

त्यांनी घातला. खांद्यात कसाबसा बसला, पण पुढं बटणं काजांपर्यंत पोचेनात. पोटावर चार बोटं फट राहिली. ते स्वतःकडं बघून मनापासून हसले. "बघ, किती जाडा झालोय! खानावळीचं तेल. बरं, राहू दे इथं. कचेरीतल्या कुणाला तरी होईल."

आक्का उठली. मी तिचा चेहरा बघत होते. तो रडवेला नव्हता, रागीटही नव्हता. बाजारात वस्तू उलटून बघावी तशी ती त्यांच्याकडं बघत होती.

"काढा," ती म्हणाली.

"अगं, राहू दे की."

"काढा म्हणते ना. हे कापड पुन्हा मिळत न्हाय."

त्यांनी काढला. तिनं बाह्या आत घेऊन नीट घडी घातली, पिशवीत ठेवली आणि चपला घातल्या. दाजी म्हणत राहिले, जेवून जा, आज राहा, उद्या चारमिनार दाखवतो. खरंच मनापासून म्हणत होते. जिन्यापर्यंत आले. आक्कानं त्यांना वाकून नमस्कार केला, नेहमी करायची तसा, आणि मागं न बघता उतरली.

गाडी वाडी स्टेशनात बराच वेळ थांबली होती. उकाड्यानं जीव नकोसा झालेला. तेव्हा ती बोलली. "मला वाटायचं, मी कुठंतरी चुकले असंन. तसं न्हाय. त्याला मी नको होते असंबी न्हाय. त्याला काहीच नको होतं."

आक्कानं त्यांना पहिल्यांदाच 'तो' म्हटलं होतं. मला रडू आलं. ती मात्र फलाटावर चहावाल्याला हाक मारत होती.

घरी आल्यावर आईनं विचारलं, तेव्हा आक्का म्हणाली, "चांगले आहेत. जाड झालेत." एवढंच. तो सदरा काही महिने पेटीत होता. खालांच्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा आक्कानं तो नेऊन खालांच्या हाती दिला, जावयासाठी म्हणून. त्या पोराला तो असा बसला, की सगळे विचारत होते, शिंपी कोण? त्यावरून गावातून आक्काकडं शिवण यायला लागलं. आधी पोलकी, मग पोरांचे सदरे. खालांनी यंत्र ओसरीवर आणून ठेवलं, आणि दोघी समोरासमोर बसून काम करायला लागल्या.

पुढच्या फाल्गुनात नमुन्यांच्या सेलची आठवण मला तिनंच करून दिली. मी परीक्षेच्या कामात अडकलेले. म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ. ती म्हणाली, तोवर चांगलं कापड राहतंय व्हय? आणि पहाटेच्या मोटारीनं एकटी गेली.

तो दिवस मी कसा काढला, माझं मला माहीत. वर्गात पोरींना गणित घातलं आणि तपासायला विसरले. ती एकटी सोलापूरला कधी गेली नव्हती. त्या गर्दीत हरवली तर, पैसे पडले तर, गाडी चुकली तर. शाळा सुटल्यावर घरी न जाता मी सरळ स्टँडवर जाऊन उभी राहिले. एक मोटार आली, तिच्यात नाही. दुसरी आली, तिच्यातही नाही. कंडक्टरला विचारलं, त्यानं खांदे उडवले. किल्ल्याच्या तटावर घारी घिरट्या घालत होत्या, आणि मी खाली स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दिवे लागायच्या सुमाराला एक मोटार आली. टपावरून भलंमोठं गाठोडं खाली आलं. त्याच्या मागोमाग मोटारीतून आक्का उतरली, केस विस्कटलेले, पदर खोचलेला, मनगटावर कुणाच्या तरी नखाचा ओरखडा.

"हे गं काय लागलं?" मी धावत जाऊन विचारलं.

"एक बाई सोडतच नव्हती," ती म्हणाली. "हिरवं होतं. मीबी सोडलं न्हाय."

मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "आणि तू इथं काय करतीस? तोंड बघ कसं झालंय. धर हे दुसऱ्या बाजूनं, जड आहे."